जुनें यंत्र, नवी अट

एखादी वस्तु निरुपयोगी झाली असें आपण केव्हां म्हणतों? घागरीला भोंक पडलें, खुर्चीचा पाय मोडला, कातरीची धार गेली, म्हणजे ती वस्तु आपलें काम करीनाशी होते, आणि तिला माळ्यावर टाकतांना कोणाच्याहि मनाला टोचणी लागत नाहीं. दोष वस्तूंत असतो, तो डोळ्यांना दिसतो. दुरुस्त करावयाचा कीं वस्तूच टाकून द्यावयाची, एवढाच प्रश्न उरतो. परंतु अलीकडे आपल्या घरांत निरुपयोगीपणाची एक निराळीच जात शिरली आहे. वस्तु जशीच्या तशी असते, तिचा एक खिळाहि ढिला झालेला नसतो. काल ती जें काम करीत होती तें आजहि करावयास ती सिद्ध असते. पण तिच्याबाहेर, शेंकडों कोसांवर, कोणीतरी एक अट बदललेली असते, आणि तेवढ्यानें ती एका रात्रींत बाद ठरते. या प्रकाराला आपण वेगळें नांव दिलेलें नाहीं. 'जुनें झालें' असें म्हणून आपण मोकळे होतों, आणि या दोन शब्दांत एक अन्याय लपलेला आहे असें मला वाटतें. जुनेपणा वयाबरोबर आपोआप येतो, त्याला कोणी जबाबदार नसतो. बाद ठरविणें ही मात्र कृति आहे. कृतीला कर्ता असतो, आणि कर्ता आला म्हणजे त्याच्या कर्तव्याची विचारपूस करण्याचा अधिकारहि आला.

हा प्रश्न हवेंतला नाहीं. सांगलीस माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या घरीं २०१० सालीं घेतलेला एक संगणक आहे. एखाद्यानें जुनी सायकल जपावी तसा त्यांनीं तो जपला आहे: वर कापडाची खोळ, दर दिवाळीला आंतल्या धुळीची झाडझूड, आणि नातवंडांना हात लावण्यापूर्वीं हात धुण्याची ताकीद. त्यावर ते वर्तमानपत्रें वाचीत, परगांवच्या मुलांशीं पत्रव्यवहार करीत, जमिनीचे उतारे पाहत. एके दिवशीं उघडलेलें प्रत्येक पान 'हें स्थळ सुरक्षित नाहीं' अशी सूचना दाखवूं लागलें. ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरील पानें उघडण्याचें साधन, जुना झाला असेल, नवी आवृत्ति घाला, असें कोणी सुचविलें. नवी आवृत्ति अर्ध्यावर थांबली आणि पुढें जाईना. मग दुसऱ्या कोणीं एक मधली आवृत्ति घालून दिली. ती चालली, पण घटकेघटकेला आपोआप मिटूं लागली. ती काढून मूळची परत घातली, तर ती म्हणाली कीं, तुमचीं टिपणें व खुणा माझ्याहून नव्या आवृत्तीनें हाताळल्या आहेत, त्या मी उघडणार नाहीं. तीन प्रयत्नांत मास्तर होते त्याच्याहि मागें गेले. दुकानदारापासून शेजारच्या महाविद्यालयीन मुलापर्यंत ज्यानें ज्यानें तें यंत्र पाहिलें त्यानें एकच निदान केलें: "मास्तर, आतां नवीन घेऊन टाका."

आम्ही दोघे दोन रविवार त्या यंत्रापुढें बसलों. जें आढळलें तें थोडें तपशिलानें सांगतों, कारण माझा सर्व युक्तिवाद त्या तपशिलावर उभा आहे.

पहिला दोष घड्याळाचा निघाला. वीज बंद असतांनाहि संगणकाला दिवस-वेळ लक्षांत राहावी म्हणून त्याच्या आंतल्या पाटीवर नाण्याएवढा एक सेल बसविलेला असतो. तो कांहीं वर्षांनीं संपतो. मास्तरांचा सेल संपला होता, आणि त्यामुळें तें यंत्र रोज सकाळीं २००९ सालच्या १ जानेवारीला जागें होत होतें. आतां इंटरनेटवरील प्रत्येक विश्वसनीय स्थळ आपल्यासोबत एक प्रमाणपत्र बाळगतें, आणि त्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत आपल्या घड्याळाशीं ताडून पाहतो. मास्तरांच्या यंत्राच्या दृष्टीनें साऱ्या जगाचीं प्रमाणपत्रें अद्याप सुरूच व्हावयाचीं होतीं! न जन्मलेल्या माणसाची सही असलेला दस्त कोणता कारकून स्वीकारील? यंत्रानें तो नाकारला यांत त्याचा प्रामाणिकपणाच दिसतो. चुकलें होतें तें त्याचें पंचांग. सेल बदलला, तारीख लावली, आणि निम्मी तक्रार त्याच क्षणीं मिटली. पडद्याच्या कोपऱ्यांत २००९ साल उघड दिसत असतां, 'नवीन घ्या' म्हणणाऱ्या पांचसहा जाणत्यांपैकीं एकानेंहि तिकडे पाहिलें नव्हतें. 'जुनें झालें' हें निदान इतकें सोयीचें आहे कीं तें एकदां उच्चारलें म्हणजे तपासणीचे श्रम वांचतात.

दुसरा अडथळा खरा होता. संगणक चालविणारी जी मूळ व्यवस्था असते, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती मास्तरांकडे जुनी होती, आणि ब्राउझरची नवी आवृत्ति त्या व्यवस्थेसाठीं लिहिलेलीच नव्हती. येथें कितीहि खटपट केली तरी व्यर्थ. मात्र जुन्या व्यवस्थांसाठीं म्हणून एका ब्राउझरच्या कर्त्यांनीं मुद्दाम चालूं ठेवलेली, केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या पुरविणारी अशी एक आवृत्ति उपलब्ध होती. ती बसली. तिसरें काम खुणांचें. ब्राउझर त्यांच्या नकला आपण होऊन काढून ठेवीत असतो. नवें कोरें दप्तर उघडून त्यांत त्या नकलांवरून मास्तरांच्या खुणा परत आणल्या. दुसऱ्या रविवारच्या संध्याकाळीं यंत्र पूर्ववत् चालूं लागलें.

येथें ही गोष्ट संपावयास हवी होती. पण पुढल्याच आठवड्यांत मास्तरांना एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर एक अर्ज भरावयाचा होता. (त्या कार्यालयाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, अशीं पुष्कळ आहेत.) पान उघडलें, क्षणभर अर्जाच्या चौकटीहि दिसल्या, आणि मग त्यांच्यावर एक पाटी आली: 'आपला ब्राउझर जुना आहे. नवीनतम आवृत्ति वापरा.' अर्ज काय होता? नांव, पत्ता, जन्मतारीख, दोन कागदपत्रांच्या प्रती. यांतलें कोणतेंहि काम त्या ब्राउझरला अशक्य नव्हतें. परंतु त्या संकेतस्थळानें तें करून पाहिलेंच नाहीं. ब्राउझर आपलें नांव आणि आवृत्तीचा क्रमांक स्थळाला सांगत असतो. त्यानें तेवढें ऐकलें आणि दार लावून घेतलें. गुण न पाहतां कुळ विचारून माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची रीत आपल्या समाजानें फार महाग पडून सोडावयास घेतली. ती येथें यंत्रांच्या बाबतींत पुनः चालूं झालेली पाहून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. जाणते कारागीर असें करीत नाहींत. आपल्याला हवी ती एक क्रिया समोरच्या ब्राउझरला येते कीं नाहीं हें ते करून पाहतात, आणि न आल्यास साधें पान पुढें करतात. ही पद्धति फार पूर्वींपासून ज्ञात आहे, आणि तिला खर्चहि फारसा येत नाहीं. तिच्यासाठीं जुन्या यंत्रावर बसलेला एक माणूस डोळ्यांपुढें आणावा लागतो, आणि अडतें तें तेथेंच.

मिरज स्टेशनाशीं परिचय असलेल्या वाचकांना या प्रसंगाचें एक जुनें प्रतिरूप आठवेल. पुण्याहून साताऱ्याच्या मुलखांतून मिरजेकडे येणारा लोहमार्ग मुळांत मीटर गेज होता, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटरांचें अंतर. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरांचा अरुंद मार्ग १९२७ सालीं मिरजेस पोहोंचला. पुढें १९७१ च्या सुमारास पुण्याकडचा मार्ग १६७६ मिलिमीटरांच्या ब्रॉड गेजचा झाला, आणि कित्येक वर्षें मिरजेस तिन्ही रुंदींचे रूळ एकाच आवारांत नांदले. ब्रॉड गेज आल्या दिवशीं मीटर गेजचें एकहि इंजिन बिघडलें नव्हतें. त्याचीं चाकें फिरत होतीं, वाफ धरत होती. फक्त त्या मार्गावर त्याच्या चाकांखालीं रूळ राहिला नव्हता. मास्तरांच्या संगणकाची अवस्था नेमकी हीच आहे. पण साम्य येथें संपतें. रेल्वेनें रूळ बदलले तेव्हां त्या रुळांवर चालणारे डबेहि तिनेंच आणले. कऱ्हाडच्या उतारूला नव्या गाडींत बसण्यासाठीं तिकिटापलीकडे कांहीं करावें लागलें नाहीं. 'रूळ रुंद केले आहेत, आतां ज्यानें त्यानें आपापला डबा बांधून आणावा' असें त्याला कोणी सांगितलें नाहीं. इंटरनेटवर रोज असेंच सांगितलें जातें, आणि आपण तें निसर्गनियमासारखें ऐकून घेतों.

कोणी म्हणेल कीं रेल्वेला एक मालक होता, इंटरनेटला नाहीं. तें खरें आहे, आणि अडचणीचें मूळहि त्यांतच आहे. संकेतस्थळ ब्राउझरकडे बोट दाखवितें, ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टिमकडे, ती यंत्राच्या आंतल्या घडणीकडे. या रांगेंत प्रत्येकाचें म्हणणें आपल्यापुरतें सयुक्तिक असतें; आणि रांगेच्या शेवटीं, ज्याच्याकडे बोट दाखवावयाला कोणी उरत नाहीं असा, मास्तर उभा असतो. कर्ता अनेकांत वांटला गेला म्हणजे कर्तव्य नाहींसें होतें काय? दहाजणांनीं मिळून एक पाटी उचलली तर वजन वांटलें जातें, नाहींसें होत नाहीं.

आतां दुसरी बाजूहि मांडली पाहिजे, नाहीं तर हा नुसता जुन्याचा कैवार होईल. ब्राउझर बनविणारे जुन्या व्यवस्था सोडतात तें केवळ नवें यंत्र खपावें म्हणून नव्हे. ब्राउझर हें घराचें असें दार आहे कीं ज्यांतून रोज हजारों अनोळखी येणार. विंडोज एक्सपीच्या कर्त्यांनीं ८ एप्रिल २०१४ रोजीं आणि विंडोज सातच्या बाबतींत १४ जानेवारी २०२० रोजीं सर्वसामान्य ग्राहकाला दुरुस्त्या पुरविणें थांबविलें. त्यानंतर भिंतीला पडलेलें भोंक कोणी बुजवीत नाहीं, आणि भिंतच पोकळ असेल तर दाराला नवें कुलूप लावून काय साधणार? मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें जगभर लक्षावधि यंत्रें अडवून धरलीं, तीं मुख्यतः वेळेवर दुरुस्त न केलेलीं होतीं. शिवाय श्रमाचाहि प्रश्न आहे. प्रत्येक जुन्या व्यवस्थेवर नवी आवृत्ति तपासून पाहावयास माणसें लागतात, आणि त्या माणसांना जुन्या व्यवस्थेचा हा संसार आणखी किती वर्षें चालवावयाचा हें विचारण्याचा हक्क आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें क्रोमनें विंडोज सात सोडली. फायरफॉक्सनें जुलै २०२३ ची आपली ११५ वी आवृत्ति तिच्यासाठीं पुढें चालूं ठेवली, आणि मुदत संपत आली तेव्हां ती एकदां नव्हे तर पुनः पुनः वाढविली. दोघांपुढें अडचण एकच होती, तरी निर्णय निराळे झाले. म्हणजे ही गोष्ट अटळ नव्हती. तेथें निवड होती. पहिल्याला मी दोष देत नाहीं. पण जेथें निवड आहे तेथें 'तंत्रज्ञान पुढें गेलें' असें कर्त्याशिवायचें वाक्य वापरूं नये, एवढें म्हणतों.

प्रमाणपत्रांचेंहि तसेंच. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. असंख्य स्थळांची विश्वसनीयता जुन्या यंत्रांच्या लेखीं त्या एका मुळावर उभी होती; त्या दिवशीं ज्या यंत्रांची यादी नवी झालेली नव्हती त्यांनीं कालपर्यंतचीं चांगलीं स्थळें परकीं मानलीं. मुदत ठेवणें शहाणपणाचेंच होतें. पण मुदत ठरवितांना तिच्या दिवशीं कोण बाहेर राहील याचा हिशेब कोणाच्या वहींत लिहिला होता?

सुधारणा आणि सक्ति यांतला फरक समजावयाला आपल्याच मुलखांतलें एक उदाहरण फार बोलकें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत असतांना १९०३ सालीं आपला पहिला लोखंडी नांगर केला. लांकडी नांगराहून तो उघड उघड सरस होता. पण लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी शेतकऱ्याची समजूत, आणि पहिले नांगर खपावयास जवळ जवळ दोन वर्षें लागलीं. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर गेला, तो इतिहास सर्वश्रुत आहे. मला त्यांतलीं तीं पहिलीं दोन वर्षें महत्त्वाचीं वाटतात. त्या दोन वर्षांत शेतकरी 'नको' म्हणूं शकत होता. त्याची समजूत चुकीची असेल. पण त्याचा लांकडी नांगर त्या सालींहि नांगरीत होता. जमिनीनें त्याला 'नवीनतम नांगर आणा' असें म्हणून परत लाविलें नाहीं. म्हणून कारखानदाराला शेतकऱ्याच्या बांधावर जावें लागलें, नांगर चालवून दाखवावा लागला, त्याचें मन वळवावें लागलें. ज्याला नकार देतां येतो त्याच्याशींच आपण आदरानें बोलतों. ब्राउझरच्या बाबतींत नकाराचा हा अवकाशच नाहीं. तुमचें साधन तुमच्या शेतापुरतें नाहीं, दुसऱ्याच्या दारांत उभें राहण्याचें तें साधन आहे. आणि दारवाल्यानें अट घातली कीं तुम्हांला पटलें काय, न पटलें काय, सारखेंच. अशा ठिकाणीं मन वळविण्याची गरज उरत नाहीं, आणि गरज उरली नाहीं कीं भाषा उर्मट होते. मास्तरांच्या पडद्यावरील ती पाटी मला उर्मट वाटली ती यामुळें.

तरीहि अडकलेल्या माणसाला दोनच वाटा असतात, नवें यंत्र घे किंवा मागें राहा, हें खरें नाहीं. वारणेच्या कांठीं याचा एक चांगला पुरावा आहे. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांतील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गांवांत संगणक-केंद्रें नेण्याची योजना सुरू झाली. त्या काळीं तिचा मोठा गाजावाजा झाला. खेड्यांतला शेतकरी जगाशीं जोडला जाईल अशी आशा होती. कांहीं वर्षांनीं पाहतां, शेतकरी त्या केंद्रांत मुख्यतः आपल्या उसाचें वजन किती भरलें, हिशेब काय झाला, खत किती उचललें, एवढेंच विचारावयास येत होता. यंत्रें जुनीं होत होतीं, त्यांची निगा महाग पडत होती. तेव्हां, २००७ च्या आसपास, मायक्रोसॉफ्टच्या भारतांतील संशोधन-शाखेंतील कांहीं संशोधकांनीं सात गांवांत एक प्रयोग केला: संगणक काढला आणि त्याच्या जागीं साधा मोबाइल फोन ठेवून तीच माहिती लहानशा लेखी संदेशानें मिळण्याची सोय केली. काम चाललें, खर्च उतरला. विंडोज बनविणाऱ्यांच्याच घरच्या माणसांनीं खेड्यांतून संगणक उचलावा ही गंमत सोडून दिली, तरी प्रयोगाचें मर्म उरतेंच. 'यंत्र कोणत्या सालचें आहे' हें न विचारतां त्यांनीं 'माणसाला काय हवें आहे' हें विचारलें, आणि उत्तर इतकें लहान निघालें कीं तें अत्यंत साध्या यंत्रांतहि मावलें. मास्तरांना हवा होता तो अर्जहि तितकाच लहान होता.

यावरून माझ्या मतें एक सीमा आंखतां येते. खाजगी कंपनीनें जुन्या ग्राहकाला सोडावें कीं नाहीं हा तिच्या शीलाचा प्रश्न आहे. तिनें वेळेवर, स्पष्ट शब्दांत सांगून सोडलें तर ग्राहक दुसरें दार शोधील. पण ज्याच्या दाराला दुसरें दार नाहीं, त्याला ही सवलत नाहीं. सातबाराचा उतारा आपण दुसऱ्या सरकारकडून घेऊं शकत नाहीं. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत ऑनलाइन झाले. त्या वर्षीं सातारा-सांगलीच्या ज्या खेड्यांत पूर्वीं मुलगा हातीं गुणपत्रक घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीशीं जात असे, तेथेंहि पडद्यावरचा अर्ज आला. खिडकी बंद करून पडदा उघडणाऱ्यानें, तो पडदा सर्वांत जुन्या यंत्रावरहि उघडेल असा ठेवणें, हा उपकार नव्हे. खिडकी बंद करण्याची ती किंमत आहे. आणि ती भरावयाची नसेल तर खिडकी बंद करूं नये. हें अशक्य नाहीं. नोव्हेंबर २०१४ मध्यें निवृत्तिवेतनधारकांसाठीं हयातीचा दाखला यंत्राद्वारें देण्याची 'जीवन प्रमाण' योजना निघाली, तेव्हां बँकेंत स्वतः जाऊन कागदावर सही करण्याची जुनी वाट बुजविली गेली नाहीं. ज्याला नवी सोयीची ती त्यानें घेतली, ज्याला जुनी परवडते तो तींतून गेला. आणि सरकार कांहीं कोसळलें नाहीं.

किंबहुना आपल्या राज्यव्यवहाराला ही गोष्ट पूर्वींपासून अवगत आहे. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याची वांटणी होऊन 'दक्षिण सातारा' हा निराळा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली झालें. त्या अकरा वर्षांतले खरेदीखताचे, वांटणीचे, शाळा सोडल्याचे दाखले अद्याप पुष्कळ घरांच्या पेट्यांत आहेत. त्यांच्यावर आज अस्तित्वांत नसलेल्या जिल्ह्याचें नांव आहे. म्हणून तीं बाद झालीं नाहींत. नांव बदलणाऱ्यानें जुन्या नांवाची ओळख ठेवण्याचा भार आपल्या अंगावर घेतला, नागरिकाच्या नव्हे. कागदाच्या बाबतींत जें आपण इतक्या सहज केलें तें यंत्राच्या बाबतींत करतांना 'नवीनतम आवृत्ति वापरा' असें म्हणण्याची बुद्धि कां व्हावी? मला वाटतें, कागद समोर आला म्हणजे त्याच्यामागें माणूस दिसतो. यंत्र समोर आलें म्हणजे केवळ क्रमांक दिसतो.

जुनें यंत्र बाळगणाऱ्याचींहि कांहीं कर्तव्यें आहेत, आणि तीं टाळून सरकारला दोष देणें बरें नव्हे. मास्तर आपल्या यंत्रावर वर्तमानपत्र वाचतात, पत्रें लिहितात, अर्ज भरूं पाहतात. धोका आहे तो त्यांचा स्वतःचा, आणि तो ओळखून त्यांनीं पैशाचे व्यवहार त्या यंत्रावरून करणें बंद केलें आहे. परंतु सांगलीच्या पेठांत जागोजाग पतसंस्था आहेत. त्यांपैकीं एखादीच्या चिटणीसानें 'चालतें आहे तोंवर चालूं द्या' असें म्हणून शेंकडों ठेवीदारांचीं खातीं अशाच एका यंत्रावर ठेवलीं, तर त्याला काटकसरी म्हणतां येणार नाहीं. हळद-बाजारांतल्या हमालाचे, शिवणकाम करणाऱ्या विधवेचे पैसे त्यानें बिनकुलपाच्या खोलींत ठेविले आहेत. यंत्र तेंच, वय तेंच. पण एक आपला धोका पत्करतो आणि दुसरा दुसऱ्यांचा. आपल्या जिवावर उदार होणें वेगळें. म्हणून 'जुनें वापरावें कीं नाहीं' या प्रश्नाला एकच उत्तर देणारे, मग ते दुकानदार असोत कीं काटकसरीचे उपासक, मला सारखेच उथळ वाटतात. यंत्राचें साल विचारण्याआधीं त्यावर कोणाचें काय ठेविलें आहे हें विचारावें लागतें.

हा प्रश्न आतां एका मास्तरांपुरता राहिलेला नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज दहाची नेहमींची दुरुस्ती-सेवा संपली. तिच्या पुढच्या व्यवस्थेला यंत्रांत सुरक्षिततेची एक विशिष्ट घडण लागते, आणि ती नसलेलीं, किंबहुना आठ-दहा वर्षांपूर्वीं चांगली किंमत मोजून घेतलेलीं, कितीतरी यंत्रें पुढें जाऊं शकत नाहींत. आधीं नांव नोंदवील त्याला आणखी एक वर्ष दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवण्यांत आली. म्हणजे येथेंहि मुदत ही निसर्गाची नसून कोणी तरी दिलेली आहे हें पुनः दिसलें. मास्तरांच्या थोरल्या मुलाचें साताऱ्यास दुकान आहे, आणि त्याचा हिशेबाचा संगणक २०१६ सालचा आहे. त्याच्या पडद्यावर सूचना आली तेव्हां त्यानें वडिलांना फोन केला. मास्तरांनीं प्रथम कोपऱ्यांतली तारीख पाहावयास सांगितली, ती बरोबर होती. मग त्या यंत्रावर दुकानाचे स्वतःचेच हिशेब आहेत कीं गिऱ्हाइकांचीं नांवें-नंबर व उधारीहि आहे असें विचारलें. उधारी होती. "मग तें हिशेबाला ठेवूं नकोस," मास्तर म्हणाले, "उधारीची वही नव्या यंत्रावर ने, आणि जुनें माझ्याकडे पाठव. माझ्या घड्याळाचा एक सेल शिल्लक आहे."